दादाची मधली कळ

पितळ तापलं की सूर चढतो, गार पडलं की उतरतो. म्हणून दादा वाजवायला बसण्याआधी ट्रम्पेट काखेत दाबून धरतो, आजारी माणसाने थर्मामीटर धरावा तसा.

*

वहिनी शिलाईचं काम करते. लोकांचे कोट आत घेते, बाहेर सोडते. गिऱ्हाईक दारातून आत आलं की त्याचा कुठला खांदा खाली आहे हे तिला आधी दिसतं, चेहरा नंतर.

*

वाद्यं दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानात पाटी आहे: वाजवून दाखवू नये, काय होतंय ते सांगावे.

*

ट्रम्पेटचा माउथपीस, म्हणजे ओठांना लावायचा तुकडा, कॉर्नेटला बसत नाही. दोघांच्या नळीची जाडी वेगळी. जबरदस्ती केली तर अडकून बसतो आणि मग दोन्ही गेले.

*

“आज कुणी पाहुणे आलेत का?” पियानोवरचा एक हात तसाच हवेत ठेवून मास्तरीणबाईंनी विचारलं.

*

माझ्या भावाने एखादं वाक्य शेवटपर्यंत नेलेलं मला आठवत नाही. जेवताना नाही, फोनवर नाही, वाजवताना तर नाहीच.

*

आता हे ओळीने लावतो.

दादा माझा थोरला भाऊ. ट्रम्पेट वाजवतो, जॅझ. मी त्याच्या मागे डबल बास घेऊन उभा असतो. हे वाद्य माझ्यापेक्षा उंच आहे, त्यामुळे मी दिसत नाही, आणि दादाच्या मते ते बरंच आहे. पियानोवर मास्तरीणबाई. शाळेत गणित शिकवतात आणि आमच्याकडेही पेपर तपासायला घेतल्यासारखंच बघतात. ड्रमवर मुका. तो मुका नाही, नुसता बोलत नाही. शुक्रवारी आणि शनिवारी संध्याकाळी आम्ही एका हॉटेलच्या जेवणाच्या हॉलमध्ये वाजवतो. लोक बोलत असतात, खुर्च्या सरकवत असतात, काट्याचमच्यांचा आवाज चालूच असतो. आमची त्याबद्दल तक्रार नाही. मुका तर त्या चमच्यांना धरून वाजवतो.

दादाचा ट्रम्पेट जुनापुराणा होता. एकदा स्टेजच्या पायऱ्यांवरून घरंगळला, तेव्हा पुढच्या वळणाला मोठा पोचा आला. तेव्हापासून वरचा एक सूर फाटका यायचा. आणि मधली कळ. ट्रम्पेटला तीन कळा असतात, बोटाने दाबायच्या, सोडल्या की वर यायच्या. पहिली आणि तिसरी यायची. मधली दाबली की खाली जाऊन बसायची, आणि वर यायला तिची मनधरणी करावी लागायची.

जॅझमध्ये आधी चाल सरळ वाजवतात. मग ज्याची पाळी येते तो त्याच चौकटीत आपल्या मनचं रचतो, तिथल्या तिथे. बाकीचे ट्रम्पेटवाले पाळी आली की जिने चढत-उतरत सुटतात. दादा दोन पायऱ्या चढायचा आणि थांबायचा. थांबायचा म्हणजे कळ वर येईपर्यंत त्याला दुसरं काही करताच यायचं नाही. तेवढ्या फटीत मास्तरीणबाई एक हलकासा स्वरगुच्छ ठेवायच्या, मी खालचा एक सूर सरकवायचो, मुका झांजेवरून नुसता ब्रश फिरवायचा. मग दादा परत यायचा, आणि येताना आम्ही काय म्हणालो ते ऐकून यायचा. त्या फाटक्या सुराकडे तो सरळ कधी गेला नाही. जायचंच झालं तर शेजारून, कुणीतरी झोपलेल्या खोलीतून जावं तसा.

लोक जेवण थांबवून म्हणायचे, काय संयम आहे या माणसाकडे. दादा म्हणायचा, संयम कसला, कळ अडकली होती.

आम्ही चौघं त्या अडकलेल्या कळीवर संसार करत होतो.

*

दादाने ट्रम्पेटशी केलेलं बोलणं. रोज सकाळी, रियाजाच्या वेळी. भिंतीपलीकडे वहिनीचं शिलाईचं दुकान, मशीन चालू:

ऊठ गं बाई.

आज पण?

तुझ्यापेक्षा सासूबाई बऱ्या होत्या, त्या निदान हाक मारली की यायच्या.

एक दिवस भंगारात घालतो, मग समजेल.

ऊठ. ऊठ ना. हां.

*

वहिनी हे इतकी वर्षं ऐकत आली. संगीतातलं आपल्याला काही कळत नाही असं ती उघड सांगायची. लग्नानंतर एकदा हॉटेलात ऐकायला आली होती. कसं वाटलं असं विचारल्यावर, पडद्यांची शिलाई चांगली आहे म्हणाली. दादा हा किस्सा चारचौघांत सांगायचा, वहिनीच्या समोरच, आणि ती म्हणायची, होतीच चांगली.

मग रेकॉर्डिंग ठरलं. हॉटेलात नेहमी येणाऱ्या एकाचा छोटा स्टुडिओ होता. एका दुपारी या, तो म्हणाला, एक रेकॉर्ड करू. दादा साठीला आलेला, आणि तोवर त्याचा एक सूरही कुठे साठवलेला नव्हता. जे वाजलं ते हॉलमधल्या वाफेत गेलं. तो वरवर काही बोलला नाही, पण हाताला येईल त्या पृष्ठभागावर बोटं आपटायला लागला. मग त्याला ताप आला आणि तो अंथरुणाला खिळला.

वहिनीने तेवढ्यात ट्रम्पेट उचलला आणि डॉक्टरकडे नेला. डॉक्टर म्हणजे वाद्यं दुरुस्त करणारा, तो पाटीवाला. त्याने पोचा काढला. मधल्या कळीचा आतला दट्ट्या घासून नीट बसवला, स्प्रिंग बदलली, सगळ्याला झिलई दिली. वहिनीने स्वतः पेटीला मखमलीचं नवं अस्तर शिवलं.

दादा उठून बसायला लागल्यावर तिने पेटी त्याच्या मांडीवर ठेवली. मी तिथेच होतो. त्याने झाकण उघडलं. कळ दाबली. कळ टुणकन वर आली.

“आता मिळेल ना नीट वाजवायला?” वहिनी म्हणाली. तिने माझ्याकडेही बघितलं, दाद मागितल्यासारखं.

दादा वा म्हणाला. अस्तरावरून हात फिरवला, शिवण किती बारीक आहे ते बघितलं, परत वा म्हणाला. मग वहिनीच्या खांद्यावरून त्याने माझ्याकडे पाहिलं. हा चेहरा मला ओळखीचा होता. लहानपणी आत्याने त्याला दोन्ही पाय एका बुटात जातील एवढे मोठे बूट आणले होते, तेव्हा आत्यासमोर तो असाच हसत उभा होता.

*

तालीम माझ्या गॅरेजमध्ये होते. दादाने ट्रम्पेट तोंडाला लावला आणि सूर यायला लागले, एकामागून एक, कुठेही न अडता, नळ सोडल्यासारखे, कळ सोडायच्या आत वर येत होती आणि तो फाटका सूर आता घंटेसारखा लागत होता आणि दादा वाजवत होता वाजवत होता, थांबायला काही कारणच उरलं नव्हतं, मास्तरीणबाई एक हात उचलून वाट बघत राहिल्या, मी माझा सूर सरकवायला गेलो तर तिथे दादा आधीच बसलेला, पुढच्या वळणावर गेलो तर तिथेही दादाच, मुक्याने ब्रश खाली ठेवले आणि तरीही ते चालूच होतं, आणि उतारावर ब्रेक न लागणाऱ्या सायकलवरच्या माणसाचे डोळे जसे होतात तसे दादाचे डोळे झाले होते.

तेव्हा मास्तरीणबाईंनी ते पाहुण्यांचं विचारलं.

दादा पेट्रोलच्या रिकाम्या डब्यावर बसला. म्हणाला, कळ अडकायची तेव्हा विचार करायला वेळ मिळायचा. आता विचाराच्या आधी सूर बाहेर पडतो. आणि मग कळतं की आपल्याकडे सांगायला तसं फारसं...

मी म्हटलं, वहिनीला सांग. त्याने नाही म्हणून मान हलवली. बराच वेळ ट्रम्पेटच्या चकचकीत वळणात आपलं वाकडं तोंड बघत राहिला.

“इतक्या वर्षांत तिने पहिल्यांदा माझ्या वाजवण्यात हात घातला,” तो म्हणाला. “आणि मी तिला सांगू, की हात काढ?”

म्हणजे रेकॉर्डवर एकतर कुणी परकाच माणूस वाजणार होता, नाहीतर वहिनीचं तोंड उतरणार होतं. रेकॉर्ड एकच होणार होती. आणि वहिनीही, दादाच्या भाषेत, एकच होती.

*

आम्ही डॉक्टरकडे गेलो. दादाने घसा साफ करून सांगितलं की दुखणं परत हवंय.

डॉक्टरला आधी कळलं नाही. कळल्यावर तो दुखावला. त्याने हातातला छोटा लाकडी हातोडा फडक्यावर आडवा ठेवला आणि म्हणाला की आपल्याकडे मोडून मिळत नाही. मी समजावलं, पोचा तरी घालून द्या. तो म्हणाला, पोचा घालेन, पण तुमचा पोचा कुठून घालू? तो पायऱ्यांनी घातला होता. आणि कळ मुद्दाम अडकवली तर ती वेगळ्याच जागी अडकणार, तुमच्या बोटांना पुन्हा अनोळखीच.

यात खोटं काही नव्हतं. दादा भिंतीवर टांगलेली वाद्यं बघत फिरायला लागला. एक नवा कोरा ट्रम्पेट फुंकून बघितला आणि लगेच परत टांगला. हा माझ्याआधीच बोलतो, म्हणाला. फ्लूगलहॉर्न काढला, ट्रम्पेटच्याच घराण्यातला, पोट सुटलेला, लोण्यासारखा आवाज. दादाने डोळे मिटून एक चाल वाजवली. फार गोड वाजली. “हा सगळ्यालाच हो म्हणतो,” असं पुटपुटत त्याने तोही ठेवला.

कॉर्नेट खाली खोक्यात होता, चिंध्यांखाली. कॉर्नेट म्हणजे ट्रम्पेटचा ठेंगणा चुलतभाऊ. नळीची लांबी तेवढीच, गुंडाळी जास्त. हा अग्निशमन दलाच्या बँडातून निवृत्त झालेला. अंगावर हिरवट डाग, तिसरी कळ सुस्त, माउथपीस त्याचाच, अरुंद, कडेला धारदार. दादाने फुंकला. बसका, नाराज आवाज आला. दादाने तो तोंडावेगळा करून त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा फुंकला. कॉर्नेट पुन्हा नाही म्हणाला. आजारपणानंतर पहिल्यांदा दादाच्या चेहऱ्यावर रंग आला.

“याचं काहीतरी म्हणणं आहे,” तो म्हणाला.

डॉक्टर म्हणाला, घेऊन जा, पण आधी ती तिसरी कळ नीट करून देतो. आम्ही दोघं एकदमच नको म्हणालो.

*

त्यानंतर दादाने दोन घरं सांभाळली.

सकाळी भिंतीअलीकडे ट्रम्पेट. स्वच्छ, गुळगुळीत, शिव्या न देता. वहिनी मशीन थांबवून ऐकायची आणि मला फोनवर सांगायची, भाऊजी, हल्ली किती शांत झालाय हा. संध्याकाळी माझ्या गॅरेजमध्ये कॉर्नेट, भाजीच्या पिशवीत घालून आणलेला, वर दाखवायला दोन काकड्या. इथे तो पोटभर भांडायचा. कॉर्नेटची अडायची जागा वेगळी होती. दादाची बोटं जुन्या जागी थांबायची आणि तिथे काहीच अडत नसे, मग भलत्या ठिकाणी गाडी रुतायची आणि आम्ही सगळे एकमेकांवर आदळायचो. मास्तरीणबाई म्हणाल्या, घर बदलल्यावर रात्री उठून भिंतीवर डोकं आपटतं तसं चाललंय. पण त्यांचा हात परत पियानोवर यायला लागला होता.

बेत सोपा होता. वहिनीला दुकान असतं, ती स्टुडिओत यायची नाही. दादा कॉर्नेट वाजवेल. नंतर रेकॉर्ड ऐकून तिने काही विचारलंच, तर माइकमुळे असं येतं म्हणायचं.

मी त्याला म्हटलं, लफडी करणारी माणसं याच्यापेक्षा बरी थाप मारतात.

*

वहिनी आली. दुकान बंद करून, ठेवणीतले कपडे घालून, केस नीट विंचरून आली आणि काचेपलीकडे रेकॉर्डिंगवाल्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसली. मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात.

कॉर्नेट माझ्या बासच्या खोळीच्या कप्प्यात होता. दादाने तिकडे एकदा बघितलं आणि मखमलीतून ट्रम्पेट उचलला.

पहिली चाल झाली. एकही चूक नव्हती. काचेपलीकडे रेकॉर्डिंगवाल्याने अंगठा वर केला. वहिनी मात्र मान थोडी तिरकी करून बघत होती. कोट अंगावर बसलाय, पण कुठेतरी ओढतोय, अशा वेळी तिची मान अशी होते.

ती उठली, ते जड दार ढकलून आत आली, दादासमोर उभी राहिली आणि तिने त्याची हनुवटी धरून दिव्याकडे वळवली.

“ओठावरचा हा वळ लहान आहे,” ती म्हणाली.

दादाने ओठ आत घेतले.

“ट्रम्पेटचा इथवर येतो.” तिने त्याच्या ओठाच्या वर बोट ठेवलं. “इतकी वर्षं बघतेय मी हे तोंड. हा आत आहे, आणि बारीक आहे. गेले काही दिवस दिसतोय. मला वाटलं, तापाने ओठ सुकलेत. कुणाचाय?”

मुक्याला खोकला आला.

“भाऊजी, तुम्हाला माहीत होतं,” वहिनी माझ्याकडे न बघता म्हणाली.

मी खोळीतून कॉर्नेट काढून दिला. दुसरं काय करणार होतो. तिने तो हातात घेतला, उलटासुलटा केला, हिरव्या डागावर नख घासलं.

“ह्याच्यासाठी?”

दादाने बोलायला सुरुवात केली. म्हणाला, तसं नाही, तो ट्रम्पेट तू इतका छान करून आणलास, आणि मग मला...

“वाजवता येईना,” वहिनीने पूर्ण केलं. “ते दिसलं मला आत्ता. मग रोज सकाळी त्या कळीला घालत होतास त्या शिव्या कसल्या होत्या?”

“गप्पा होत्या त्या.”

“आणि माझ्याबद्दल जे बोलतोस सगळ्यांसमोर?”

“त्यापण.”

मास्तरीणबाई बाकावर जरा सरकल्या. वहिनी त्यांच्या शेजारी बसली, कॉर्नेट मांडीवर. ती रागावली असती तर आम्हाला बरं वाटलं असतं. ती विचार करत होती, आणि चेहऱ्यावर जे होतं ते बघवत नव्हतं. मला वाटायचं तुला त्रास होतोय, ती सावकाश म्हणाली. भिंतीपलीकडून रोज ऐकत होते. आणि मी आपली खाली मान घालून दुसऱ्यांचे कोट नीट करत होते. शेवटी म्हटलं, एकदा याचंही करू.

“त्रास होतच होता,” दादा म्हणाला.

“मग?”

“मग काय. त्याच्याशिवाय मला...”

हे मात्र तिने पूर्ण केलं नाही. वाट बघत बसली. दादाने आमच्याकडे बघितलं. आमच्यापैकी कुणीही मदत केली नाही. मग तो वाकला, तिच्या मांडीवरून कॉर्नेट उचलला, थोडा वेळ काखेत धरला, आणि तिथेच, तिच्यापुढे उभा राहून, माइकपासून लांब, त्याने फुंकला. दोन पायऱ्या चढला. तिसरी कळ खाली जाऊन बसली. दादा थांबला.

आम्हीही थांबलो. माझं बोट तारेवर होतं, पण सूर कुठला सरकवायचा ते सुचत नव्हतं.

“पुढे?” वहिनी म्हणाली.

कळ वर आली. दादा पुढे गेला. ती ‘पुढे’ म्हणताना जशी शेवटाला आवाज उचलते तसाच उचलून तो आला, मास्तरीणबाईंनी तिच्या शेजारी बसल्या बसल्या एका हाताने स्वर धरला, आणि मी आत शिरलो. आत शिरणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं, कारण जागा होती.

रेकॉर्डिंगवाल्याने यंत्र बंद केलेलं नव्हतं. नंतर त्याने विचारलं, बाईंचा आवाज कापून टाकू का. मास्तरीणबाईंनी त्याच्याकडे नुसतं बघितलं. त्यामुळे रेकॉर्डवर ते आहे. आधी पावलं, बाक करकरतो, लांबून एक बसका कॉर्नेट, शांतता, आणि एक बाई ‘पुढे’ म्हणते.

दादा त्या दिवशी फार थोर वाजला असं मी म्हणणार नाही. दोनदा रुतला, एकदा नळीत पाणी साचून गुळण्या केल्यासारखा आवाज आला. ऐकताना असं वाटतं की या माणसाची कुणाशी तरी नुकतीच ओळख झाली आहे आणि तो अदबीने, अधूनमधून वैतागत, तिचं म्हणणं समजून घेतोय. पण तो दादाच आहे. हॉलमधल्या वाफेत गेलेलं सगळं गेलं, एवढं मात्र राहिलं.

ट्रम्पेट घरी असतो. दुपारी वहिनी काज करायला बसली की दादाला तो काढायला लावते आणि सरळ, एकही चूक नसलेल्या चाली वाजवून घेते. तिला खरंच तो आवडतो. तिच्या मते कॉर्नेटपेक्षा तोच बरा वाजतो, आणि हे ती चारचौघांत सांगते, दादाच्या समोर. सकाळी भिंतीअलीकडून कॉर्नेटला शिव्या ऐकू येतात. परवा मी गेलो होतो तेव्हा पलीकडून मशीन थांबलं आणि वहिनीने तिथूनच विचारलं, आज कुठली, पहिली की तिसरी?

ट्रम्पेट दुरुस्तीला देताना वहिनीने डॉक्टरला एकच गोष्ट विचारली होती, आवाज बदलणार नाही ना. डॉक्टर म्हणाला होता, सुधारेल.